पेंटरची हौशी

माझा आवाज मोठा आहे, आधीच सांगून ठेवते. पिठाच्या गिरणीवर आयुष्य गेलं. पट्टा फिरत असताना गिऱ्हाइकाला "बारीक की जाड" एवढं विचारायचं तरी ओरडावं लागतं, आणि मग घरीही माणूस ओरडूनच बोलायला लागतो. तेव्हा मी भांडतेय असं समजू नका. भांडायचं असेल तेव्हा कळेलच तुम्हाला.

पुष्पा म्हणजे सुकदेव पेंटरची बायको. धुळ्यात माझ्या गिरणीच्या अगदी समोर त्यांच्या दोन खोल्या. पुष्पा आणि मी एकाच गावच्या लेकी, शिरपूर तालुक्यातल्या. मी थोडी मोठी म्हणून ती मला अक्का म्हणते, आणि तिचं ऐकून सुकदेवही अक्काच म्हणतो. आज तिला बघून कुणाला पटायचं नाही, पण एके काळी या बाईच्या तोंडी लागायची अख्ख्या गल्लीत कुणाची टाप नव्हती.

तोंड म्हणजे शिवराळ नव्हे हं. थट्टा. आणि तीही फक्त नवऱ्याची. सुकदेव बुटका, लाजाळू, बोलताना जमिनीकडे बघणारा. पुष्पा त्याच्यापेक्षा चांगली वीतभर उंच. सकाळी तो सायकलला शिडी बांधून दुकानांच्या पाट्या रंगवायला निघाला की ही दारातून म्हणायची, "पेंटर, शिडी राहू द्या की घरी. भांडायचं झालं तर तुम्हाला चढून बोलता येईल माझ्याशी." संध्याकाळी नाकाला हिरवा रंग लागलेला असला की, "आज कुठल्या दुकानाचं उद्घाटन झालं तुमच्या नाकावर?" एकदा बिचाऱ्याने बाजारातून जून वांगी आणली, तर पिशवीत डोकावून म्हणते, "पेंटर, ही वांगी आणलीत की वांग्यांची आजी?" गिरणीसमोर डबे घेऊन उभ्या असलेल्या बाया हसून हसून पडायच्या. आणि सुकदेवचे कान लाल! एक शब्द नाही तोंडातून. नुसता खाली बघून हसायचा. एखाद्या दिवशी ती काही बोलली नाही तर सायकल काढूनही उगाच घुटमळायचा, साखळी तपासायचा, चाक दाबून बघायचा. मग ती बोलली की निघायचा.

त्या काळी आमच्यात बायका चार लोकांत नवऱ्याशी बोलत नसत. मी माझ्या नवऱ्याला गिरणीत काही सांगायचं असलं तर भिंतीकडे बघून सांगायची. आणि ही बाई भर गल्लीत नवऱ्याला चिडवतेय, तोही खुशीत! आम्हाला मजा वाटायची आणि आतून थोडी जळजळही व्हायची, खोटं कशाला बोलू.

अभयकुमार नावाच्या एका जैन गृहस्थांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलं वगैरे छापायचे आणि जोडीला एक साप्ताहिक काढायचे. ते केव्हाच बंद पडलं, नाव घेण्यात अर्थ नाही. त्यांनी एकदा गिरणीवर उभं राहून या दोघांचा हा रोजचा खेळ ऐकला आणि सुकदेवला म्हणाले, "अरे, हेच काढ ना चित्रांत! दर अंकात चार चौकटी दे." सुकदेवने काढायला घेतलं. नाव ठेवलं 'हौशी आणि माठ्या'. हौशी उंच, हनुवटीवर गोंदणाचे ठिपके, पुष्पासारखेच. माठ्या बुटका. दोघं कॉलेजात जाणारी, लग्न न झालेली. तीन चौकटींत हौशी माठ्याची फिरकी घेणार, माठ्याचे कान लाल. आणि चौथ्या चौकटीत माठ्या पाठ फिरवून चालता झालेला, आणि हौशी त्याच्या पाठीकडे अशी बघत असलेली की बस्स. ती चौथी चौकट बघायला लोक अंक घ्यायचे. मी पण.

अहो, काय चाललं ते! अंक आला की गिरणीवर मोठ्याने वाचला जायचा. कॉलेजच्या मुली तो वहीत घालून न्यायच्या. एसटीतले कंडक्टर प्रवाशांना हौशीची वाक्यं ऐकवायचे. पुष्पालाही गंमत वाटायची. काही सुचलं की बोलून मोकळी व्हायची आणि वर म्हणायची, "घ्या पेंटर, पेन्सिल काढा, नाहीतर विसराल."

नावं ठेवणारेही होतेच. आमच्या गल्लीत रुपचंद गुरुजी, रिटायर हेडमास्तर, गव्हाचा डबा ठेवायला आले की भाषण ठोकायचे. "ही करमणूक आहे का? एक मुलगी रोज उठून एका गरीब पोराचा पाणउतारा करते आणि आपण खी खी करतो. हेच पोराने मुलीला केलं असतं तर चौकीवर नेलं असतं त्याला!" बायकांतही दोन तट पडले. एक म्हणायची, प्रेम असतं तर असं बोलेल का? दुसरी म्हणायची, प्रेम नसतं तर एवढं बोलायला कुणाला वेळ आहे? मी गुरुजींना सांगितलं, "गुरुजी, तुम्ही तीन चौकटी वाचता आणि अंक मिटता. चौथी बघत जा." तर म्हणाले, "चौथी चौकट त्या मुलाला दिसते का, बाई? त्याची तर पाठ असते." मला राग आला. मी त्यांचा डबा रांगेत सगळ्यांत मागे ठेवला.

या सगळ्यात त्या दोघांना मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झालेली. गल्लीतल्या बाया कुजबुजायच्या, पण पुष्पासमोर कुणी विषय काढत नसे. शेवटी दोघं नाशिकला मोठ्या डॉक्टरकडे जाऊन आले. परत आले त्या दुपारी मी तिचं दळण द्यायला गेले. दार लोटलेलं होतं. आत सुकदेव जमिनीवर बसून रडत होता, लहान पोरासारखा, खांदे हलवून. आणि पुष्पा त्याच्यासमोर बसलेली. डॉक्टरांनी तिलाच सांगितलं होतं, तुम्हाला कधी होणार नाही. दोष तिचा म्हणे, आणि रडत होता तो.

तिने ट्रंक उघडली. आतून एक कुंची काढली. बाळाची कुंची हो, लाल कापडाची, कडेला हिरवा गोट, मागे मोर काढलेला. कधी शिवून ठेवली होती देव जाणे. ती तिने सुकदेवच्या डोक्यावर घातली. हनुवटीखाली बंद बांधले. काजळाचं बोट त्याच्या गालावर टेकवलं. "गप बरं, पेंटर," म्हणाली, "आता एवढंच एक बाळ आहे मला. मिशीवालं. दृष्ट लागेल रडून." आणि त्याची मिशी पुसली पदराने. तो रडता रडता हसायला लागला, ती हसता हसता रडायला लागली. मी दळणाचा डबा उंबऱ्याजवळ ठेवला आणि पाऊल न वाजवता परत फिरले. पट्टा चालू करून गिरणीत बसले आणि त्या आवाजात पोटभर रडून घेतलं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. जन्मात सांगितलं नसतं.

पुढच्या उन्हाळ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला आमच्या खानदेशात सगळ्या लेकी माहेरी जातात, दिवाळीला एक वेळ जाणार नाहीत. पुष्पा आधीच गेली होती. मी गिरणीमुळे मागे राहिलेली. आदल्या दिवशी अंक आला. मी उघडला.

चार चौकटींत माठ्या बसलेला. परीक्षेत नापास झाला म्हणून रडतोय. हौशी त्याच्या डोक्याला कुंची बांधतेय, गालाला तीट लावतेय. "एवढंच एक बाळ आहे मला. मिशीवालं." कुंचीच्या कडेचा गोट, मागचा मोर, सगळं जसंच्या तसं. आणि गिरणीवरच्या बाया पोट धरून हसत होत्या. "मिशीवालं बाळ! अगं बाई गं!"

मी तशीच पिठाच्या हातांनी समोर गेले. सुकदेव ब्रश धूत बसला होता. म्हटलं, "हे काय काढलंस रे?"

तो हसला. खरंच हसला, त्या माणसाला कळलंच नव्हतं. "अक्का, अभयशेठ घाई करत होते, काही सुचेना. मग वाटलं, एवढं गोड कुणी कधी केलं असेल का? लोकांना दिसू दे ना, ती कशी आहे ते."

"ते लोकांसाठी होतं का?"

त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "पण परीक्षेचं केलंय ना मी, अक्का," तो म्हणाला. "कुणाला काय कळणार?"

"तिला कळेल," मी म्हटलं आणि निघाले. दुसऱ्या दिवशी पहिली एसटी पकडली. मनात एकच, अंक गावात पोचायच्या आत मी पोचले पाहिजे. निदान तिला माझ्या तोंडून कळू दे. गाडी सोनगीरला पंक्चर झाली. मी ड्रायव्हरला एवढ्या शिव्या घातल्या की शेजारची म्हातारी उठून दुसरीकडे बसली.

आमचं गाव नाल्याच्या दोन्ही काठांवर आहे. आखाजीला नाला कोरडा असतो. झोके खेळून झाले, गौराई झाली की दुपारकलती अल्याडच्या बाया या काठावर आणि पल्याडच्या त्या काठावर उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या देतात. याला बार म्हणतात. सासू, नवरा, दीर, नाक, डोळे, चालणं, काही सोडत नाहीत. वर्षभर सासरी गिळलेलं त्या दिवशी बाहेर काढायचं. राग धरायचा नाही, रात्री पुन्हा एकमेकींकडे रस-पोळी खायची. एकच पथ्य, कुणी सांगितलेलं नाही पण सगळ्या पाळतात. कुणाच्या मेलेल्या माणसाला आणि कुणाच्या रिकाम्या कुशीला हात लावायचा नाही.

आमच्या काठाची पुढारी पुष्पा. लग्नाआधीपासून. समोरच्या काठावर सुगंधाबाई, गडगडाटी हसणारी, मनाने लोण्यासारखी. या दोघींची जुंपली की पुरुषमाणसंसुद्धा पत्ते टाकून लांबून ऐकत बसायची.

मी पोचले तेव्हा बार रंगात आला होता. पुष्पा पदर खोचून पुढे उभी, चेहरा नुसता फुललेला. मी गर्दीतून वाट काढत हाका मारतेय, "पुष्पे! ए पुष्पे!" पण माझा हा एवढा आवाज, तोही त्या गलक्यात बुडाला. आणि तेवढ्यात समोरून सुगंधाबाई पुढे आली. तिच्या हातात वरवंटा. वरवंट्याला कुंची घातलेली, वर कोळशाने मिशी काढलेली. बारशाला जसा वरवंटा पाळण्याखालून एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देतात तसा त्या बायांनी तो नाचवला. "पुष्पानं मिशीवालं बाळ!" सुगंधाबाई आमच्या खानदेशी बोलीत ओरडली. "घे व, आंगडं-टोपडं घाल!" सगळा काठ हसला. आमचा काठही हसला. अंक कालच शिरपूरहून कुणीतरी आणला होता, घरोघर वाचून झाला होता. पुष्पाच्या नवऱ्याचं चित्र, म्हणजे अभिमानच की गावाला! पुष्पानेच तेवढा बघितला नव्हता.

तिने तोंड उघडलं. उत्तर तयारच असायचं तिचं. काही आलं नाही. ती त्या कुंचीकडे बघत राहिली आणि मला दिसलं, तिला एकेक करून सगळं कळत होतं. बाया वाट बघत होत्या. कुणीतरी मागून म्हणालं, "बोल ना व पुष्पे!"

ती काठावरून खाली उतरली. बार चालू असताना कुणी नाला ओलांडत नाही, कधीच नाही. ती ओलांडून गेली. सुगंधाबाईच्या हातातून वरवंटा घेतला, कुंचीचे बंद सोडले, झटकून घडी घातली आणि तिच्या हातात दिली. "कुणाच्या लेकराची शे, मळी जाई," मळेल, एवढंच म्हणाली. आणि घराकडे चालायला लागली.

मी सुगंधाबाईला काय सांगायचं ते सांगितलं, हळू आवाजात. ती मटकन खाली बसली. "माय व! चित्र व्हतं ना ते," ती रडत म्हणाली. "तिना नवरानं काढेल. ती हसी असं वाटनं माले." ती संध्याकाळी पुष्पाकडे गेली, पाया पडली. पुष्पाने तिला उठवलं, रस वाढला. कुणावर राग नाही. मला वाटलं होतं ती धुळ्याला जाऊन सुकदेवचं घर डोक्यावर घेईल. घ्यायला हवं होतं. मी तर त्या दिवसाची वाट बघत होते.

ती परत आली तेव्हा सुकदेव दारातच तिच्या पायावर पडला, गल्लीसमोर. ती म्हणाली, "उठा हो, लोक बघतायत. चहा करते." झालं. संपलं. तेव्हापासून ती कधी चढ्या आवाजात बोलली नाही, रुसली नाही, माहेरी निघून गेली नाही. स्वयंपाक वेळेवर, कपडे स्वच्छ. फक्त थट्टा नाही. 'पेंटर' नाही. सकाळी तो शिडी बांधून घुटमळायचा, साखळी तपासायचा, आणि आतून भांडी घासल्याचा आवाज येत राहायचा. मग तो जायचा.

अभयकुमारांना अंक तर काढायचाच होता. सुकदेव स्वतःच्या डोक्याने हौशीला बोलायला लावू लागला. पण ते त्याचं काम नव्हतं. हौशी माठ्याला ठेंगू म्हणायला लागली, मंद म्हणायला लागली. नुसतं बोचायला लागलं. चौथी चौकटही बिघडली. हौशी बघायची, पण कशाकडे ते कळेना. गिरणीवर कुणी मोठ्याने वाचेना. एकदा रुपचंद गुरुजी अंक चाळून म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो ना?" मी त्यांच्या डब्यात जाडं पीठ दळून दिलं. काही दिवसांनी अभयकुमारांनी ते बंद केलं आणि त्या जागी सोन्याचे भाव छापायला लागले.

मग सुकदेवला खूळ लागलं. शर्ट उलटा घालून घरी यायचा. पुष्पा म्हणायची, "शर्ट उलटा आहे, द्या, सरळ करते." मुद्दाम जून भाज्या आणायचा. ती त्यातलं कोवळं निवडून भाजी करायची. एकदा आपल्याच दारावर नावाची पाटी रंगवली, उलटी टांगली, आणि समोर उभा राहून तिची वाट बघत बसला. गल्लीभर हशा. ती आली, स्टुलावर चढली, पाटी सरळ केली आणि आत गेली. मला बघवेना. मी तिला म्हटलं, "पुष्पे, एक शब्द टाक ना व त्याला. जीव चाललाय त्याचा." ती म्हणाली, "अक्का, आत काही येतच नाही गं. मी अडवून धरलंय असं वाटतं का तुला?"

नव्वद साल उजाडलं असेल. एक दिवस भरदुपारी सुकदेव अर्धी मिशी काढून आला. एका बाजूला मिशी, एक बाजू सफाचट. गिरणीसमोर बाया, रस्त्यावर पोरं, सगळी हसत सुटली. तो कुणाकडे बघत नव्हता. नेहमी जमिनीकडे बघणारा माणूस, मान वर करून सरळ दाराकडे बघत होता. केस पिकायला लागलेले, आणि ते अर्धं तोंड. पुष्पा दारात आली. तिने बघितलं. मी गिरणी बंद केली, पट्टा थांबला. मनात म्हटलं, बोल गं बाई. काहीही बोल.

ती आत गेली आणि वाटीत पाणी, साबण, वस्तरा घेऊन आली. "बसा," म्हणाली. तो ओट्यावर बसला. ती समोर बसून उरलेल्या मिशीला साबण लावायला लागली.

त्याने तिचा हात धरला. सगळ्यांसमोर. "एकदा चिडव गं मला," तो म्हणाला. "मी ब्रश सोडतो. सांगशील ते सोडतो. एकदाच."

तिने त्याच्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या तोंडावर, तो असता तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "त्या दुपारी मला वाटलं होतं, घरात आपण दोघंच आहोत."

तिने हात सोडवून घेतला आणि उरलेली मिशी काढली, सावकाश, कुठे कापू न देता. टॉवेलने तोंड पुसलं. वाटी आत घेऊन गेली. तो तिथेच बसून राहिला, ऊन उतरेपर्यंत. हसायला जमलेली पोरं कधी पांगली कळलं नाही. त्या दिवसापासून त्याने खुळेपणा सोडला. उलटं-सुलटं काही नाही. सकाळी आता घुटमळतही नाही, निघून जातो.

अजूनही दोघं समोरच राहतात. भांडण नाही, आवाज नाही. गल्लीतल्या सासवा नव्या सुनांना पुष्पाकडे बोट दाखवून सांगतात, बघ, नवऱ्याशी अशी वागावी बाईने, कधी उणा शब्द नाही. मी गिरणीतून हे ऐकते. माझ्या तोंडात शिव्या येतात, आणि मी पट्टा चालू करते.